गोव्याच्या हॉटेलात वरच्या वर्गातली खोली कोणाला मिळते, आणि ती मागावी कशी?

तुम्ही विचारलंय की दोन जोडप्यांनी एकाच दरात साधी खोली बुक केली, एकाला बागेकडची मिळाली आणि दुसऱ्याला जादा पैसे न देता समुद्राकडची, तर काउंटरवरचा माणूस हे कशावरून ठरवतो? आणि जानेवारीत बायकोला घेऊन जाताना आपण काय करावं? मी पणजीत हॉटेलच्या फ्रंट ऑफिसचं, म्हणजे काउंटरवरचं, काम करतो, त्यामुळे आतून हे कसं चालतं ते सांगतो.

बहुतेक अपग्रेड, म्हणजे बुक केलेल्यापेक्षा वरच्या वर्गातली खोली, पाहुण्याला खूश करायला दिलेले नसतात. खालच्या वर्गातल्या खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त विकल्या गेलेल्या असतात, वरच्या पडून असतात, म्हणून कोणाला तरी वर सरकवावंच लागतं. ही जादा विक्री जाणूनबुजून केलेली असते. मेकमायट्रिप किंवा बुकिंग डॉट कॉमवर लोक सगळ्यात कमी दर बघून हॉटेल उघडतात. तो वर्ग बंद केला की यादीत हॉटेल एकदम महाग दिसायला लागतं आणि लोक पुढे जातात. म्हणून हॉटेलात एकूण खोल्या शिल्लक आहेत तोवर रेव्हेन्यू मॅनेजर (खोल्यांचे दर आणि विक्री ठरवणारा) खालचा वर्ग चालू ठेवतो.

समजा कांदोळीला ६० खोल्यांचं हॉटेल आहे. गार्डन व्ह्यू ४०, पूल व्ह्यू १४, सी व्ह्यू ४ आणि स्वीट २. शनिवारसाठी बुकिंग आली गार्डनची ४३, पूलची १३, सी व्ह्यूचं १. स्वीट कोणी घेतलाच नाही. एकूण ५७, म्हणजे हॉटेल भरलेलं नाही, पण गार्डनमध्ये तिघं जास्त आहेत आणि पूलमध्ये जागा एकच. मग पूल व्ह्यूवाल्या दोघांना सी व्ह्यूत हलवायचं, म्हणजे पूलच्या तीन खोल्या मोकळ्या होतात आणि गार्डनमधले तिघं तिथे बसतात. बाहेरून बघणाऱ्याला पाच जणांचं नशीब फळफळलेलं दिसतं. आत मात्र फक्त हिशेब जुळवलेला असतो. दुपारी तीन वाजता गार्डनमधल्या एका खोलीचा एसी बंद पडला, की आणखी एक पूलवाला सी व्ह्यूत जातो आणि एक गार्डनवाला पूलमध्ये. दोन स्वीट रिकामे असले तरी त्यांना सहसा कोणी हात लावत नाही. आयत्या वेळी येणारा पैसेवाला गिऱ्हाईक किंवा एखादी मोठी तक्रार, यांच्यासाठी ते राखून ठेवलेले असतात.

आता ते पाच जण कोण, हा तुमचा खरा प्रश्न. नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करणं, झालं की दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांची यादी (अरायव्हल लिस्ट) निघते, आणि सकाळी ड्यूटी मॅनेजर ती घेऊन नावांपुढे खोल्या ब्लॉक करत, म्हणजे राखून ठेवत, जातो. सगळ्यात आधी हॉटेल-साखळीच्या सदस्यत्वाचा दर्जा बघितला जातो. मिरामारचं मॅरियट किंवा बांबोळीचं ग्रँड हयात अशा ठिकाणी हे नियमांतच लिहिलेलं असतं. मॅरियटच्या बॉनवॉय या सदस्यत्व योजनेत वर्षाला ५० रात्रींचा प्लॅटिनम दर्जा असेल तर चेक-इनच्या वेळी शिल्लक असल्यास साधा स्वीटही देता येतो. २५ रात्रींच्या गोल्डला थोडी बरी खोली, स्वीट नाही. पण बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून किंवा फोनवरून केलेलं हवं. बाहेरच्या साइटवरून केलं तर कार्ड असूनही हे फायदे साधारणपणे लागू होत नाहीत, आणि काउंटरवरचे निम्मे वाद यावरूनच होतात.

त्यानंतर नंबर पुन्हा येणाऱ्या पाहुण्यांचा, आणि मग थेट बुकिंगवाल्यांचा. ट्रॅव्हल साइट हॉटेलकडून घसघशीत कमिशन कापते, त्यामुळे थेट आलेल्याने तेवढाच दर दिला तरी हॉटेलच्या हातात जास्त पडतं. ग्रुपच्या दरात आलेले आणि एजंटच्या पॅकेजवाले यादीत खाली. मागच्या मुक्कामात काही बिघडलं होतं आणि तशी नोंद प्रोफाइलमध्ये असेल, तर तो पाहुणा वर येतो. उलट खोलीत सिगारेट ओढली, टॉवेल-चादरींची वाट लावली, अशीही नोंद तिथेच असते. चार तरुण एका खोलीत उतरणार असतील तर गोव्यातलं बहुतेक कोणतंही हॉटेल त्यांना फुकट पूल व्ह्यू देत नाही, कारण शेजारच्या खोल्यांत लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं असतात.

लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे रात्रींची संख्या. वरची खोली तुमच्या सगळ्या रात्रींसाठी सलग मोकळी असावी लागते. एका रात्रीच्या पाहुण्याला हलवणं सोपं, गुरुवार ते सोमवार राहणाऱ्याला अवघड, कारण मध्ये शुक्रवार-शनिवार येतो. मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळीची गर्दी शुक्रवारी संध्याकाळी सुरू होते आणि रविवारी दुपारी ओसरते. म्हणून तुमची रजा पुढेमागे करता येत असेल तर रविवारी दुपारी या आणि बुधवार-गुरुवारी निघा. जानेवारीतही हे लागू पडतं, फक्त २ तारखेनंतरच. २० डिसेंबर ते २ जानेवारी या काळात वरच्या खोल्याही पूर्ण दरात विकल्या जातात, तेव्हा मागण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नांचाही हंगाम असतो. लग्नाच्या पार्टीने अख्खी विंग घेतली असेल तर बाकी पाहुण्यांना उरेल ते मिळतं, तेव्हा त्या तारखांना लग्न आहे का हे बुकिंगआधी फोनवर सरळ विचारा. सांगतात.

मागायचं कसं? येण्याच्या तीन-चार दिवस आधी रिझर्व्हेशनला मेल करा. बुकिंग क्रमांक, किती वाजता पोचणार, डबल बेड हवा की ट्विन (दोन वेगळे बेड), आणि काही निमित्त असेल तर ते. लग्नाचा वाढदिवस खरा असेल तर जरूर लिहा, ड्यूटी मॅनेजरला यादीतल्या दोघांतून एक निवडताना तेवढंच कारण पुरतं. खोटा मात्र लिहू नका. केक खोलीत येतो आणि अपग्रेड येत नाही, हे इथे नेहमीचं आहे, कारण केक किचनमधून सुटतो आणि खोलीसाठी ती शिल्लक असावी लागते.

काउंटरवर विचारायची वेळ म्हणजे दुपारी चार-साडेचारनंतर. दोनला रांग असते, हाउसकीपिंगच्या निम्म्या खोल्या तयार नसतात, आणि कोण येणार नाही हे कळलेलं नसतं. रात्रीच्या बसने म्हापशाला सकाळी सातला उतरून थेट हॉटेलात आलात तर लवकर चेक-इन आणि अपग्रेड एकदम मागू नका. तेव्हा काउंटरकडे आदल्या रात्रीच्या रिकाम्या, झाडूनपुसून ठेवलेल्या दोन-चार खोल्या असतात, त्यातली जी असेल ती मिळते. लवकर खोली मिळणं हाच तुमच्यासाठी मोठा फायदा आहे. काउंटरवरच्या साध्या कर्मचाऱ्याला बहुतेक ठिकाणी एकच पायरी वर देता येते, त्यापुढे ड्यूटी मॅनेजर लागतो. म्हणून आवाज चढवण्यापेक्षा शांतपणे 'ड्यूटी मॅनेजरना एकदा विचाराल का?' म्हणावं. पाचशेची नोट पासपोर्टात किंवा आधार कार्डाखाली सरकवण्याचे सल्ले फिरतात, ते कृपा करून पाळू नका. ब्लॉकिंग सिस्टीममध्ये कोणाच्या लॉगिनने बदललं ते दिसतं, आणि त्या मुलाची नोकरी जाते.

आणखी एक. काउंटरवरच्या मुलांना पैसे घेऊन वरची खोली विकली तर बऱ्याच हॉटेलांत इन्सेंटिव्ह मिळतो. त्यामुळे 'फुकट मिळेल का?' याला उत्तर म्हणून आधी दर येतो. तो दर ऐकताना कर विचारात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापेक्षा महाग खोलीवर १८ टक्के. तुमची खोली ७,००० ची असेल तर करासह ७,३५० होतात. 'फक्त हजार रुपयांत सी व्ह्यू' घेतली की दर ८,००० होतो आणि बिल ९,४४०. म्हणजे हजाराची खोली रात्रीला २,०९० ला पडली. फुकट अपग्रेडमध्ये हे होत नाही, कारण कर तुम्ही प्रत्यक्ष भरता त्या दरावर लागतो.

पावसाळ्यात गणित वेगळं. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या असतात, पण वीज आणि माणसं वाचवायला हॉटेलं एखादी विंग किंवा वरचा मजला बंदच ठेवतात, रंगरंगोटी आणि दुरुस्त्या तेव्हाच निघतात. त्यामुळे 'एवढं हॉटेल रिकामं असून देत नाहीत' हा राग व्यर्थ आहे. शिवाय समुद्राकडच्या खोलीत खारा वारा, दाराखालून येणारं पाणी, ओलसर गाद्या हे सगळं येतं. त्या दिवसांत बागेकडची कोरडी खोली मी केव्हाही चांगली म्हणेन.

पंधरा-वीस खोल्यांच्या घरगुती हॉटेलांत यातलं काहीच नसतं. मालक किंवा मालकीण वहीत बघतात आणि ठरवतात. थेट फोन करा, नीट बोला, बस.

अपग्रेड मिळालंच तर किल्ली घेण्याआधी चार गोष्टी विचारा: सगळ्या रात्रींसाठी आहे की उद्या खोली बदलावी लागेल, बेड कोणता, नाश्ता आहे का, आणि आवाज किती. वरची खोली मिळाली म्हणून जेवणाचा प्लॅन बदलत नाही. नाश्त्याशिवाय बुक केलं असेल तर स्वीटमध्येही नाश्त्याचे पैसे पडतात. बागा-कळंगुटकडे पूल व्ह्यू म्हणजे कित्येकदा डीजेच्या समोरची खोली. उघड्यावरचं संगीत रात्री दहाला बंद व्हायला हवं असा नियम आहे, पण लहान मूल बरोबर असेल तर दहापर्यंतचाही त्रास होतो. रजिस्ट्रेशन कार्डावर सही करताना दर मूळचाच आहे ना ते बघा, आणि कॉम्प्लिमेंटरी असं तिथेच लिहून घ्या, चेक-आउटला शिफ्ट बदललेली असते. खोली पटली नाही तर बॅगा उघडायच्या आत खाली येऊन आपली मूळचीच द्या म्हणून सांगा, ते अगदी चालतं. रात्री अकराला सांगितलं तर ती दुसऱ्याला गेलेली असते.