क्रिस्टल ग्रोथसाठी जर्मनीला यायचंय तर आधी हे विचार

शिरोड्याचा आहेस, एम.एस्सी. फिजिक्स झालंय, आणि सोलर सेलच्या क्रिस्टल ग्रोथमध्ये, म्हणजे सेलसाठी स्फटिक वाढवण्यात, पीएचडीला जर्मनीत यायचं तर सिलिकॉन घेऊ की गॅलियम आर्सेनाइड (गॅलियम आणि आर्सेनिकचं संयुग, त्याचेही सेल होतात), पैसे किती लागतील, असं विचारलंयस. मी वेंगुर्ल्याची, सात वर्षं इथे हेच काम करतेय.

पैशाचं पटकन सांगते. मास्टर्सला आलास तर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, फ्रायबुर्गकडे वर सेमिस्टरला १,५०० युरो फी. पीएचडी मात्र इथे बहुतेक वेळा नोकरीच असते, पगार मिळतो, फक्त बऱ्याचदा अर्धा नाहीतर पाऊण, म्हणून किती टक्क्यांची पोस्ट आहे ते विचारायला लाजू नकोस. बाग गहाण टाकून परत मास्टर्स तर अजिबात करू नको.

आता सिलिकॉन. १४१४ डिग्रीला वितळलेल्या सिलिकॉनला छोटा स्फटिक टेकवून तो फिरवत फिरवत हळूहळू वर ओढायचा, ही चोक्राल्स्कीची पद्धत, १९१६ साली बर्लिनमध्येच सापडली. पण सोलरच्या वेफरचा, म्हणजे स्फटिकाच्या पातळ चकत्यांचा, धंदा आता जवळपास सगळा चीनमध्ये गेलाय आणि एकट्या सिलिकॉनच्या सेलला उन्हातल्या ऊर्जेची फार तर २९ टक्क्यांच्या आसपासच वीज करता येते. म्हणून मी म्हणेन गॅलियम आर्सेनाइडच्या घराण्यात ये. फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर आयएसई या सौरऊर्जा संशोधन संस्थेने २०२२ मध्ये चार थरांच्या सेलमधून ४७.६ टक्के काढले, अर्थात ६६५ पट एकवटलेल्या उन्हात.

यात खरी मजा थर जुळवण्यात आहे. थर ज्यावर चढवतात त्या जर्मेनियमच्या जाळीचं, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीचं, माप ५.६५८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), गॅलियम आर्सेनाइडचं ५.६५३, म्हणून एकावर दुसरं नीट बसतं, सिलिकॉन ५.४३१ आहे, तिथे चार टक्के फरक पडतो आणि थरात दोष शिरतात, आणि दोषापाशी आलेला इलेक्ट्रॉन वीज न देताच विरून जातो. तू मिठागरात बघितलंच असशील, पाणी सावकाश आटलं की खडा मोठा धरतो. इथे तर सहाशे-सातशे डिग्रीला तासाला काही मायक्रोमीटरच थर चढतो, बाकी सगळा धीर.

माझं पहिलं वर्ष एका लॅबमध्ये फुकट गेलं, कामाचं नाव ग्रोथ आणि आठ महिने दुसऱ्यांनी वाढवलेले सँपल एक्स-रेवर मोजत बसले, रिॲक्टरला (ज्या यंत्रात वायूंपासून थर वाढवतात ते) हातच लावू दिला नाही. म्हणून मुलाखतीत सरळ विचार, रिॲक्टर मी स्वतः चालवणार का, आणि कितव्या महिन्यापासून. थरातलं आर्सेनिक ज्यातून येतं तो आर्सिन वायू जीवघेणा असतो त्यामुळे सेफ्टी ट्रेनिंग आधी होणारच, आमच्याकडे ते जर्मनमधूनच झालं, तेव्हा गणपतीपर्यंत जर्मनची बी-१ पातळी तरी कर.

प्रोफेसरांना मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला टाक, बघून देते.