तुझा डबा स्वस्त कशामुळे आहे, ते आधी पाहू

*मावशी,*

*मी चिंचवडला राहते, वय ३१. मुलगी पाच वर्षांची, सीनियर केजीत जाते. मुलगा वीस महिन्यांचा. दिवाळीनंतर यांची कंपनीतली नोकरी गेली. मी आधीपासून ओळखीच्या दोन-चार जणांना डबे देत होते, तेच वाढवायचं ठरवलं. आता दुपारचे ४० डबे जातात, ८० रुपयांना एक, रविवारी सुट्टी. किराणा, भाजी, गॅस, पेट्रोल मिळून महिन्याला ५१ हजार जातात, बाकीचे सुटतात. पैसे यांच्या खात्यात येतात. मी पहाटे साडेचारला उठते आणि साडेबाराला ओट्यापासून बाजूला होते. संध्याकाळी पाच ते आठ परत भाज्या निवडणं, वाटण, डबे घासणं. हे साडेदहा ते दीड डबे पोचवतात, संध्याकाळी दोन तास मंडई आणि किराणा करतात. दुपारी झोपतात. सासूबाई तीनेक तास हात लावतात आणि धाकट्याकडे बघतात, पण त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून त्याच्या हातात मोबाइल असतो. परवा तो सरळ आत आला आणि त्याने तापलेल्या तव्याला हात लावला. बोटांना फोड आले. मुलगी हल्ली मला हाकच मारत नाही. माझी आई म्हणते, पोरीला वर्षभर बार्शीला पाठव. हे म्हणतात, मुद्रा कर्ज काढू, गाळा घेऊ, शंभर डबे करू, मग कामाला बाई ठेवता येईल. मला वाटतं सगळं बंद करावं. काय करू?*

*— कणकेच्या हातांनी*

बाळ,

आधी तव्याचं बोलू, कारण ते थांबणारं नाही. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढं फळीचं नाहीतर जाळीचं फाटक आजच बसवून घे. सुतार मिळेना तर बाजारात लहान मुलांसाठीचं तयार मिळतं. गॅस पेटलेला असेल तोवर ते बंद. सासूबाईंनाही सांग, स्वतः आत-बाहेर करतानाही कडी लावायची. आणि पुन्हा कधी भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही लावायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. लहान मुलाच्या तळहाताला, बोटांना फोड आले असतील तर डॉक्टरांना दाखवायचंच. तू दाखवलंस की नाही ते लिहिलेलं नाहीस. नसशील तर हे वाचणं इथेच थांबव आणि जाऊन ये.

आलीस? मग आता कागद-पेन घेऊन बस.

४० डबे, ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस. ८३,२०० रुपये आले. ५१,००० गेले. ३२,२०० उरले, आणि तू लिहितेस की हे 'सुटतात'. आता तास मांड. तुझे सकाळचे आठ आणि संध्याकाळचे तीन, म्हणजे अकरा. नवऱ्याचे पाच. सासूबाईंचे तीन. दिवसाचे एकोणीस, महिन्याचे ४९४. ३२,२०० ला त्यांनी भाग. तासाला ६५ रुपये पडतात. यातच ओट्याची झीज, मिक्सरची दुरुस्ती, घराचं भाडं, सगळं आलं. हा नफा नव्हे गं. ही तिघांची मजुरी आहे, आणि तीही कमीच. त्यातले निम्म्याहून जास्त तास तुझे एकटीचे.

तुझा डबा गिऱ्हाइकाला परवडतो, कारण त्याच्या किमतीत तुझी झोप धरलेली नाही. पोरीची सकाळ धरलेली नाही. धाकट्याच्या हातातला मोबाइल धरलेला नाही. तुला वाटतंय की मुलं आणि धंदा यांचा मेळ तुला घालता येत नाही. मेळ कसला घालतेस, आकडाच चुकलाय. चुकलेल्या आकड्यावर पहाटे कितीही लवकर उठलीस तरी दिवस पुरायचा नाही.

मुंबईच्या गिरणगावातल्या, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या, खानावळवाल्या बायकांचं असंच होतं. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस कामगारांना दोन वेळा जेवायला घालायच्या, मुलं तिथेच रांगायची, किराणा उधारीवर आणि डोक्यावर सावकाराचं व्याज. एवढं करून त्यांच्या कष्टाला 'धंदा' म्हणायला कुणी तयार नव्हतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्या चुलीचा हिशोब कुणीतरी कागदावर मांडला. तुझा तर अजून तूही मांडलेला नाहीस, म्हणून एवढं सांगितलं.

तर पहिलं काम, भाव वाढव. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ९५ रुपये. आठ दिवस आधी सगळ्यांना कळव, आणि कळवताना महागाईचं पुराण लावू नकोस, एक ओळ पुरे. पाच जण सोडून जातील असं धर. ३५ डबे, ९५ रुपये, २६ दिवस म्हणजे ८६,४५०. खर्चातले पेट्रोल वगैरे सहाएक हजार तेवढेच राहतील, बाकीचे ४५ हजार डब्यांच्या हिशोबाने उतरून ३९ हजारांवर येतील. हातात ४१ हजार राहतात. पाच डबे कमी करून जवळजवळ नऊ हजार जास्त. हे पैसे बाजूला टाकायचे नाहीत, यातून सकाळी पोळ्यांना बाई लावायची. डब्यात चार पोळ्या धरल्या तर तुझ्या रोजच्या १६० पोळ्या होतात. त्या दुसऱ्या हातांनी लाटल्या की तुझे सकाळचे दोन-अडीच तास मोकळे होतात. तुझ्या भागात पोळीमागे काय दर चाललाय, की महिन्यावर ठरवतात, ते शेजारी चार जणींना विचार. आणि कणीक मळायचं छोटं मशीन घे. कर्ज काढायचंच असेल तर त्यासाठी काढ.

गॅसचा खर्च तू वेगळा लिहिला नाहीस, म्हणून शंका येते. घरातल्या लाल सिलिंडरवर डबे करत असशील तर ते नियमात बसत नाही. धंद्याला १९ किलोचा निळा लागतो. तो महाग पडतो, म्हणून वरच्या नऊ हजारांतले काही तिकडे जातील. तरी ९५ चा भाव तोट्याचा नाही.

आता शंभर डब्यांचं. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळतं, त्याहून मोठीही मिळतात. मिळतं म्हणून काढायचं असं काही नसतं. शंभर डब्यांना मंडई अडीच पट, घासायचे डबे अडीच पट, फोन अडीच पट. वर गाळ्याचं भाडं आणि हप्ता, जो मुलाला ताप आला तरी पाच तारखेला जातोच. आणखी एक. आज तुमची वर्षाची उलाढाल दहा लाखांच्या आत आहे. शंभर डबे म्हणजे ती जवळजवळ २५ लाख, आणि सेवेची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी आला. नवऱ्याने हे गणित केलंय का, ते विचार. 'मग बाई ठेवता येईल' हे त्याचं वाक्य मला मुळीच पटलं नाही. बाई आत्ताच परवडते, वर दाखवलं. तिच्यासाठी साठ डबे वाढवायला नकोत.

त्याच्यावर रागावून मी हे लिहीत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला मोठा आकडा बोलावासा वाटतो, मला ते कळतं. पण त्याचे दिवसाचे पाच तास होतात आणि तुझे अकरा, त्यावर मुलं. दुपारी तो झोपतो तेव्हा तू काय करतेस? पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मला ठाऊक आहे. कपडे, भांडी, धाकट्याचं जेवण, मोठीचा अभ्यास. तेव्हा त्याच्याशी 'जरा मदत करा' अशा भाषेत बोलू नकोस. मदत म्हटली की काम तुझंच राहतं. तास ठरवा. सकाळी साडेसहा ते दहा मुलं त्याची. उठवणं, आंघोळ, मोठीचा डबा, शाळेत सोडणं, धाकट्याला भरवणं, सगळं. या वेळात त्याने तुला 'याचा शर्ट कुठाय' विचारायचं नाही. पहिले आठ दिवस पोरगी उलटा शर्ट घालून शाळेत जाईल, जाऊ दे. दीडनंतर त्याने तासभर पडावं, मग चार ते सहा पुन्हा मुलं त्याची. मंडई सहानंतरही मिळते.

साडेदहा ते साडेबारा ही तुमच्या घरातली खरी अडचणीची वेळ. तो रस्त्यावर, तू ओट्याशी, आणि वीस महिन्यांचं पोर सासूबाईंच्या गळ्यात. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईकडून धावत्या मुलाची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे, म्हणून तिने मोबाइल दिला. दोष तिचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलाला मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्यांनाही दिवसाला तासापेक्षा जास्त नको. तेव्हा ते दोन तास त्याला जवळच्या पाळणाघरात ठेव. काही अंगणवाड्यांमध्ये 'पाळणा' योजनेत सहा महिन्यांच्या पुढची मुलं सांभाळतात. तुमच्या वॉर्डात तशी आहे का, ते अंगणवाडी सेविकेला विचार. नसेल तर खासगी. सासूबाईंना बसून करायची कामं दे. लसूण, शेंगा, निवडणं-टिपणं. मोठी शाळेतून आली की गोष्टी सांगायलाही त्याच हव्यात.

मोठीला बार्शीला पाठवू नकोस. तुझ्या आईची माया मी समजू शकते. पण बाप घरी बसला, भाऊ आला, आई ओट्याशी गेली, हे सगळं त्या पोरीने दोन वर्षांत बघितलंय, आणि आता घरातून जायचं कुणी, तर तिने? तिच्या हिशोबाने डबे राहिले आणि ती गेली. त्यापेक्षा आईलाच महिनाभर इकडे बोलाव. पोळ्यांच्या बाईचा जम बसेपर्यंत उपयोगच होईल. आणि पोरगी हाक मारत नाही याचा अर्थ ती शहाणी झाली असा घेऊ नकोस. तिला उत्तर ठाऊक झालंय, 'थांब'. धंद्याच्या घरात वाढलेली मुलं काही बिघडत नाहीत. वाण्याची पोरं पोत्यांवर बसून पाढे शिकली. पण त्यांना दुकान कधी बंद होतं ते माहीत असायचं. तुझं कधी बंद होतं?

माझ्या मते रात्री साडेसातला. त्यानंतर ऑर्डर नाही, फोन नाही, 'उद्या भाजी काय' नाही. सोमवार ते शनिवारचा बेत रविवारीच ग्रुपवर टाकून दे, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. डबे घासायचं काम नवऱ्याकडे. आणि एक 'तापाचा बेत' ठरवून ठेव. ज्या दिवशी घरात कुणी आजारी, त्या दिवशी मसालेभात, ताक, पापड, एवढंच. गिऱ्हाइकांना हे भाव वाढवतानाच सांगून टाक. महिन्यातून एखादा दिवस मसालेभात आला म्हणून कुणी डबा सोडत नाही. आयत्या वेळी डबा आलाच नाही, तर सोडतात.

एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेकडच्या, नोंदणीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. घरातून डबे विकायलाही ती लागते. करून घे, आणि तुझ्या नावावर कर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, तीही तुझ्या नावावर. एक वेगळं खातं तुझ्या नावाने उघड आणि डब्याचे पैसे तिथे येऊ देत. घरात हे सांगायला तुला जड जाईल, म्हणून कारणही देते. बँकेला उद्या कर्ज मागायला गेलात, तर व्यवसायाच्या खात्यावरचे व्यवहारच बघतात.

बंद करावं का, असं विचारलंस. आत्ता नको. ४० माणसं रोज तुझ्या हातचं जेवतात आणि पैसे देतात, ही सोपी गोष्ट नाही. तीन महिने वरच्या आकड्यांवर चालवून बघ. तीन महिन्यांनी तुझे तास अकराचे आठावर आले नाहीत, तर मात्र २५ डब्यांवर आण आणि नवऱ्याला नोकरी शोधू दे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हे पान नवऱ्याला वाचायला दे. चिडेल. चिडू दे, मग कॅल्क्युलेटर हातात दे आणि म्हण, मावशीची बेरीज तपासा. चूक सापडली तर मला कळवायला सांग.

— मावशी