घरात शहाणा, गेटबाहेर बहिरा: कुत्र्याचं लक्ष आपल्याकडे कसं वळवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅब (लॅब्राडोर) कुत्रा आहे, दहा महिन्यांचा. घरात नाव घेतलं की धावत येतो, पण सोसायटीच्या गेटबाहेर पडला की तुम्हाला ओळखतच नाही. हाका मारून घसा बसतो, दोरी ओढून खांदा दुखतो. काय करावं?

सगळ्यात आधी आठवडाभर त्याचं नाव घेणं बंद करा. बाहेर तर अजिबात नको.

माझा बंड्या गावठी आहे, गल्लीतल्या एका बंद रिक्षाखाली सापडलेला. तोही तुमच्या लॅबसारखाच करायचा. एका संध्याकाळी मी सहज मोजलं, तर जेवणं होईपर्यंत घरात त्याचं नाव चाळीसेक वेळा घेतलं गेलं होतं. ‘बंड्या गप’, ‘बंड्या चप्पल सोड’, ‘बंड्या मधे येऊ नकोस’. त्यातल्या एकाही हाकेला वळून बघितल्यावर त्याच्या पदरात काही पडलं नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की पाच मिनिटांनी आपल्याला तो ऐकू येईनासा होतो, तसं त्याच्या नावाचं झालं होतं. तुमचा कुत्रा हट्टी नाही. त्याचं नाव झिजलंय.

आता नाव न घेता लक्ष कसं मिळवायचं? उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे पंधरा तुकडे करा. चिकन अळणी उकडायचं, कांदा-लसूण नको. कुत्र्यांना हे दोन्ही विषारी. (आम्ही कोल्हापूरकर ज्याला ‘अळणी’ म्हणतो तो सूपही चालत नाही, त्यातही कांदा-लसूण असतोच. मी आधी ही चूक केली आहे.) शाकाहारी घर असेल तर पनीर घ्या. लॅब खादाड जात, त्यामुळे जेवढं हातानं द्याल तेवढं ताटातून कमी करा, नाहीतर वर्षभरात पिंप होईल.

एक तुकडा मुठीत धरून हात बाजूला लांब करा आणि गप्प उभे राहा. तो मूठ हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, बसेल, एकदा भुंकेलही. तुम्ही खांबासारखे. बंड्यानं पहिल्यांदा जवळपास दोन मिनिटं लावली. मुठीवरून नजर मनगटावर आली, मग कोपरावर, परत मुठीवर. मग त्यानं एक सुस्कारा सोडला आणि ‘हा माणूस मेला की काय’ अशा चेहऱ्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. तो क्षण धरायचा. नजर भिडली की त्याच सेकंदाला ‘शाब्बास’ म्हणायचं आणि मग तुकडा द्यायचा. शब्द आधी, तुकडा नंतर. उलटं केलंत तर तो हाताकडे बघायला शिकेल, तुमच्याकडे नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना जेवणाआधीचा आवाज ऐकूनच लाळ सुटायची; तुमचं ‘शाब्बास’ तसं व्हायला हवं. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. जास्त नको, कंटाळतो.

चार दिवसांत तो आपणहून तोंडाकडे बघायला लागेल. आठवडा संपला की नाव परत आणा, पण एकदाच उच्चारायचं, आणि वळला की दर वेळी मोबदला द्यायचा.

खरी गंमत पुढे आहे. दिवाणखान्यात शिकलेलं कुत्र्याला जिन्यात आठवत नाही. त्याच्या लेखी ती दुसरीच शाळा. म्हणून घर, जिना, पार्किंग, गेटच्या आत, गेटच्या बाहेर असं एकेक करत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी पहिलीपासून सुरुवात करायची. समोर दुसरा कुत्रा असेल तर किती जवळ जायचं हे ओळखायची सोपी खूण सांगतो: तोंडासमोर धरलेलं चिकनही तो घेत नसेल, तर तुम्ही फार जवळ गेलात. मुकाट्यानं मागे फिरा. वीस पावलं मागे आल्यावर खातो की नाही बघा, आणि तिथून सुरू करा.

आणि बाहेर चिकनपेक्षा मोठा पगार असतो, वास. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २०-३० कोटी. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळेच्या गाड्यांजवळून चालताना बंड्याला काय काय कळत असेल देव जाणे. त्याला तिथून ओढून नेणं म्हणजे आपल्या हातातला पेपर अर्ध्या बातमीत हिसकावणं. म्हणून मी सौदा केला. खांब दिसला की मी थांबतो, दोरी ढिली. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं की ‘जा, हुंग’. आता तो खांब दिसला की आधी माझं तोंड बघतो.

एक गोष्ट मात्र करू नका. मी कंटाळून एका प्रशिक्षकाला बोलावलं होतं. त्यानं चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घातली आणि लक्ष गेलं की हिसका द्यायला लागला. दोन दिवसांत बंड्या बघायला लागला खरा, पण कान मागे पाडून, आणि माझ्याकडे नव्हे, साखळीच्या हाताकडे. नंतर साखळी वाजली की सोफ्याखाली जायचा. तो विश्वास परत मिळवण्यात महिना गेला. तसंच हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ हेही नको. जबरदस्तीची नजर कुत्र्याला धमकी वाटते, स्वतःहून दिलेली नजर वेगळी. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की मालक आणि कुत्रा एकमेकांकडे प्रेमानं बघत राहिले की दोघांमध्येही ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. माणसाळवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही.

कुणाकडे कारवान जातीचा कुत्रा असेल तर त्यांनी माझ्यासारखा आव आणू नये. तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा, ससा पळाला की चिकन-बिकन सगळं विसरतो. मोकळ्या माळावर लांब दोरी हवीच.

तुमच्या लॅबचं वय अडनिडं आहे, दीडेक वर्षापर्यंत मधेच सगळं विसरल्यासारखं करेल. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत काही शिकवायला जाऊ नका. आम्हाला गेटबाहेर निवांत चालायला तीन महिने लागले.

आणि घरच्यांनाही सांगा. आमच्या आईला चप्पल पळवल्यावर ‘बंड्या’ म्हणायची बंदी केली, तेव्हापासून ती ‘अहोऽ, चप्पल!’ असं ओरडते. बंड्या ढुंकून बघत नाही. बाबा मात्र पहिल्या हाकेला उठतात.