जुने रहिवासी घर पाहायला आले, तर हक्क सांगू शकतात का?

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी आम्ही जुनं घर विकत घेतलं. मागच्या आठवड्यात दोन अनोळखी भावंडं दारात आली. लहानपण याच घरात गेलं, म्हाताऱ्या आईला एकदा आतून दाखवायचंय, म्हणाली. आत घेतलं तर उद्या हक्क सांगतील, अशी घरच्यांना भीती वाटते. काय करावं?

उत्तर : नुसतं आत येऊ दिल्याने तुमची मालकी तसूभरही कमी होत नाही. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे अशी परवानगी म्हणजे निव्वळ लायसन्स. त्यातून घरात कसलाही हितसंबंध तयार होत नाही आणि ती तुम्ही केव्हाही मागे घेऊ शकता. प्रतिकूल ताब्यासाठी, म्हणजे नुसत्या दीर्घ ताब्यावरून मालकी सांगायला, १२ वर्षं उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा लागतो. परवानगीने आलेला माणूस त्यात बसतच नाही.

खरी काळजी घ्यायची ती सहीची. आधी तुमचं खरेदीखत काढा आणि लिहून देणाऱ्यांची नावं वाचा. घर वडिलोपार्जित असेल आणि एखाद्या वारसाची, बरेचदा लग्न झालेल्या बहिणीची, सही राहिली असेल, तर तो वाद या भेटीच्या आधीपासूनचा आहे. अशा वेळी 'या घरात यांचाही हिस्सा आहे' अशा अर्थाच्या ओळीवर आठवण म्हणूनसुद्धा सही करू नका. कोर्टात दावा लावण्याची मुदत संपण्यापूर्वी दिलेली सहीनिशी कबुली मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १८ खाली ती मुदत नव्याने सुरू करते. मूळ कागद हातात देऊ नका, त्यांची ट्रंक किंवा सामान ठेवून घेऊ नका. सह्या सगळ्या असतील, तर निर्धास्त राहा.

नकार द्यायला कारण सांगावं लागत नाही. तरी त्या आईसाठी होकार द्यावा, असं मला मनापासून वाटतं. ओळखपत्र पाहून आदल्या दिवशी मोबाइलवर एवढं पाठवा : 'उद्या सकाळी ११ ते ११.३० आपण तिघांनी आमच्या परवानगीने घर पाहायला यावं. फोटो फक्त अंगणाचे काढावेत.' त्यांचं 'ठीक आहे' जपून ठेवा. घरात दोन मोठी माणसं असू द्या, कपाटांना कुलूप लावा.

जिन्याची पायरी सैल असेल, कठडा हलत असेल, तर आईंना आधीच सांगा, नाहीतर ती वाट बंद करा. माहीत असलेला, पण पाहुण्याला न दिसणारा धोका लपवला आणि त्या पडल्या, तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

वेळ संपूनही कुणी हललं नाही, तर साक्षीदारासमोर स्पष्ट शब्दांत जायला सांगा आणि निघायला वाजवी वेळ द्या. नुसतं रेंगाळणं गुन्हा नाही. धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने थांबणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमण ठरतं. त्याला एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. धक्काबुक्की करू नका, ११२ ला फोन करा.