मेलेली गाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दूर नेऊन पुरली तर चालेल का?

चालेल, पण ट्रॉलीतून थेंबही गळता कामा नये आणि शव वरून पूर्ण झाकलेले हवे. फरफटत तर अजिबात नेऊ नका. कातडे सोलवटते आणि रोगजंतू असलेला स्राव वाटभर सांडतो. ट्रॉलीत अखंड जाड प्लॅस्टिक कडांवर दुमडून अंथरा, त्यावर लाकडाच्या भुशाचा जाड थर द्या. नाक, तोंड, गुदद्वार यांत जंतुनाशकात भिजवलेले कापसाचे बोळे बसवा. उन्हात पोट काही तासांतच फुगते, म्हणून उशीर नको.

खड्डा विहीर-ओढ्यापासून लांब आणि तळाशी पाणी लागणार नाही असा घ्या. शवावर किमान 1 मीटर माती येऊ द्या. ती ठोकून घट्ट करू नका, नाहीतर आतल्या वायूने भेगा पडतात. वर उंचवटा ठेवा, कारण माती पुढे खचतेच. शवावर चुना ओतण्याची सवय सगळीकडे दिसते, पण त्याने कुजणे उलट मंदावते. परतल्यावर ट्रॉली आधी घासून धुवा, मग जंतुनाशक मारा. रक्त-शेणावर मारलेले ब्लीचिंग वाया जाते.

एक अपवाद: जनावर अचानक मेले असेल आणि नाका-गुदातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर काळपुळीचा (अँथ्रॅक्स) संशय धरा. शव हलवू नका, फाडू नका, बोळे घालायलाही हात लावू नका. पशुवैद्यकाला तिथेच बोलवा. शव उघडले की हवेच्या संपर्कात बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात.