वादळ दुसरीकडे वळावे अशी प्रार्थना ख्रिस्ती माणसाने करावी का?

आपण विचारले आहे की मोठे चक्रीवादळ किनाऱ्याकडे येत असून आपले आप्त त्याच्या मार्गात आहेत, तर त्यांच्यासाठी कोणती प्रार्थना करावी आणि वादळाने दिशा बदलावी असे देवाजवळ मागावे की नाही. पहिल्या भागाचे उत्तर पुष्कळजण देतील आणि स्तोत्रांचे क्रमांकही सांगतील. मला मुख्यतः दुसऱ्या भागाबद्दल बोलायचे आहे, कारण त्या एका मागणीवरून आमच्या मंडळीतील एका वडीलजनांशी (मंडळीच्या पुढाऱ्यांपैकी एकाशी) माझा जो वाद झाला तो आजतागायत मिटलेला नाही.

माझे मत असे की वादळाचा जोर ओसरावा हे अवश्य मागावे, परंतु ते आमच्यावरून टळून पुढे जावे असे मागू नये, कारण किनाऱ्याला लागूनच पुढे जाणारे वादळ कोणाच्या तरी घरावर जातेच. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील, येशूने सरोवरावरील वादळ शांत केल्याचा प्रसंग आपल्याला पाठ असेल, पण छत्तिसाव्या वचनातील एक छोटी नोंद बहुतेक उपदेशांतून गळून पडते. येशू ज्या मचव्यात उशाशी डोके टेकून झोपला होता, त्याच्याबरोबर सरोवरात इतरही मचवे होते. त्याने वाऱ्याला धमकावले तेव्हा सरोवर सर्वांसाठीच निवांत झाले. शिष्यांचा मचवा वाचावा म्हणून त्याने लाटा शेजारच्या मचव्यावर ढकलल्या नाहीत.

आमच्याकडे वादळाचा इशारा आला तेव्हा संध्याकाळी विशेष प्रार्थनासभा ठेवण्यात आली. सखल भागातील लोकांनी अंधार पडण्यापूर्वी निवाऱ्यात जावे अशी सूचना तोपर्यंत दोनदा देऊन झाली होती, वाहने रस्त्यावर उभी होती, आणि मंदिरात मात्र आमचे हे वडीलजन हात उंचावून वादळाला आज्ञा करीत होते की त्याने आमची हद्द सोडून जावे. प्रार्थना लांबत गेली. माझ्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांना उचलून नेण्यासाठी चार माणसे हवी होती आणि ती चारही माणसे त्या सभेत गुडघे टेकून बसलेली होती. मी आत जाऊन त्यांच्यातील एकाच्या खांद्याला हात लावला, तेव्हा वडीलजनांनी डोळे उघडून सर्वांसमक्ष विचारले, “ताई, तुमचा विश्वास कोठे आहे?”

हा प्रश्न प्रभूने शिष्यांना विचारलेला आहे, लूकाच्या आठव्या अध्यायात तो जवळजवळ याच शब्दांत येतो, आणि म्हणूनच तो मला अधिक लागला. लूक आणि मार्क या दोघांच्याही वृत्तांतात आधी वारा थांबतो आणि प्रश्न नंतर येतो. (मत्तयात क्रम उलटा आहे, हे मला ठाऊक आहे, ते त्यांनी नंतर मला सांगितलेही.) पण तिन्ही ठिकाणी विचारणारा स्वतः त्याच मचव्यात होता आणि त्याच्या शब्दाने वारा थांबणार होता. आमच्या वडीलजनांचे घर चढावर होते.

ती चार माणसे उठली. सासूबाईंना आम्ही खाटेसह वाहनात घातले, आणि निवाऱ्यापर्यंतच्या वाटेवर त्या प्रभूची प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, मधूनच आपल्या औषधाच्या पिशवीची चौकशी करीत. माझ्या दृष्टीने त्या रात्रीची खरी प्रार्थनासभा त्या वाहनात झाली.

वादळाचे केंद्र पहाटेच्या सुमारास बाजूला सरकले आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या भागावर जाऊन आदळले. आमच्याकडे झाडे पडली, छपरे उडाली, माणसे वाचली. त्यानंतरच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना झाली आणि त्याच वडीलजनांनी साक्ष दिली की आमच्या विश्वासामुळे संकट टळले. ज्यांच्यावर ते टळून गेले त्यांच्याविषयी एक शब्दही निघाला नाही. खुल्या प्रार्थनेच्या वेळी मी उभी राहिले आणि त्या किनाऱ्यावरील मृतांसाठी, बेपत्ता मच्छीमारांसाठी व तेथील मंडळ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना केली, कारण तेथेही लोक आमच्याइतकेच कळवळून गुडघे टेकून बसले असणार. उपासना संपल्यावर मला सांगण्यात आले की मी आनंदात विरजण घातले. मी लूकाचा तेरावा अध्याय काढून दाखवला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मग जी वाचली ती अधिक विश्वासू होती, हे तरी कशाच्या आधारावर म्हणायचे? उत्तर मिळाले नाही. त्या दिवसाचे दान कोठे जावे यावरूनही मंडळीच्या पंचकमिटीत बराच वेळ वाजले, आणि शेवटी त्यातील निम्मे पीडितांकडे गेले. निम्मेच का, हे मी अजूनही विचारते.

माझ्याविरुद्ध नेहमी मांडला जाणारा मुद्दा असा की निवाऱ्यात जाणे म्हणजे देवावर भरवसा न ठेवणे. ज्यांना असे वाटते त्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27, सावकाश वाचावा. तारू वादळात सापडले असता त्यावरील पौलाला देवदूताने स्पष्ट सांगितले होते की तारू जाईल पण एकही जीव जाणार नाही. असे अभयवचन हाती असूनही, खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी उतरवून पळू लागले तेव्हा पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, म्हणाला की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. त्याने 276 माणसांना अन्न खायला लावले, उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलके करण्यात आले, आणि शेवटी ज्यांना पोहता येत होते ते पोहून व बाकीचे फळ्यांवरून माल्टाच्या किनाऱ्याला लागले. देवाचे वचन फळ्यांवरून पूर्ण झाले, याची कोणाला लाज वाटल्याचे शास्त्रात नमूद नाही.

मार्च 1748 मध्ये अटलांटिकवर वादळात सापडलेल्या जॉन न्यूटनची, म्हणजे पुढे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणाऱ्याची, गोष्टही अशीच आहे. देवाची दया असो, असे शब्द त्याच्या तोंडून निघाले ते जहाजातील पाणी उपसण्याच्या धांदलीत, आणि त्यानंतर तो तासन्‌तास पंपावर राबत राहिला. (वादळातून वाचला म्हणून तो लगेच शहाणा झाला असेही नाही, पुढे काही वर्षे तो गुलामांच्या व्यापारातील जहाजांचा कप्तान होता.) 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात समुद्रावरील प्रार्थनांचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात लढाईमुळे किंवा वादळामुळे ज्यांना इतरांबरोबर प्रार्थनेला येता येत नाही अशा एकेकट्या माणसांसाठी अगदी छोट्या प्रार्थना दिलेल्या आहेत. ज्याचे हात दोरखंडात गुंतले आहेत त्याने ते सोडून सभेला यावे, असे ते पुस्तक सांगत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. स्तोत्र 46 आणि स्तोत्र 107 मधील तेविसाव्या वचनापासून तिसाव्यापर्यंतचा भाग वाचावा. स्तोत्र 91 सुद्धा वाचावे, परंतु मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूला उडी मारायला सांगितले तेव्हा याच स्तोत्राचा आधार घेतला होता आणि प्रभूने देवाची परीक्षा पाहू नको या वचनाने त्याला उत्तर दिले होते, हे विसरू नये. माझ्या स्वतःच्या शब्दांत मी साधारण असे म्हणते: “हे प्रभू, वारा व समुद्र तुझे ऐकतात. या वादळाचा जोर कमी कर. जे निघू शकतात त्यांना वेळेवर निघण्याची बुद्धी दे, जे निघू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत कोणाला तरी पोहोचव. समुद्रात असलेल्यांना बंदर दे. इशारा देणाऱ्यांना, वाहने चालवणाऱ्यांना, निवाऱ्याचे दार उघडे ठेवणाऱ्यांना बळ दे. आणि वादळ जेथे जाईल तेथे तू आमच्या आधी जा. आमेन.”

प्रार्थनेपूर्वी मात्र आप्तांना फोन करून ते निघाले की नाही हे विचारावे. चक्रीवादळात घात करते ते बहुधा वाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर चढून येणारे समुद्राचे पाणी. आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर 1970 मध्ये आलेल्या भोला चक्रीवादळात किमान 3 लाख माणसे गेली असे मानले जाते. त्याच किनाऱ्यावर 2007 साली सिद्र हे अतितीव्र वादळ आले तेव्हा मृतांची संख्या काही हजारांवर थांबली, आणि त्यामागे वेळेवर दिलेले इशारे, उंचावर बांधलेले निवारे व घरोघर जाऊन लोकांना हलवणारे स्वयंसेवक यांचा मोठा वाटा होता. माझ्या मते हेही प्रार्थनेचेच उत्तर आहे, जरी त्यासाठी कोणी साक्ष देत नाही. आणखी एक गोष्ट आप्तांना बजावून सांगावी: वादळाचा डोळा वरून जात असताना वारा एकाएकी पडतो, कधी आकाशही उघडते, आणि प्रार्थना ऐकली गेली असे समजून लोक बाहेर येतात. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुरू होतो. अधिकृत सूचना येईपर्यंत स्तुतिगीत आतच बसून गावे.

हे सर्व लिहिल्यावर एवढे मान्य करते की लेकराला पोटाशी धरून “देवा, हे आमच्यावरून ने” असे ओरडणाऱ्या आईला मी धर्मशास्त्र शिकवायला जाणार नाही, आणि देव तिचे ऐकत नाही असे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. वादळ खुल्या समुद्राकडे वळून तेथेच विरले तर मलाही आनंदच होईल, मात्र तिकडच्या जहाजांची आठवण ठेवावी. माझा आक्षेप आहे तो सुरक्षित जागी उभे राहून इतरांना थांबवून धरणाऱ्या आणि मागाहून आपल्या विश्वासाचा हिशेब मांडणाऱ्या पुढाऱ्यांवर. आपले आप्त वाचले तर उपकारस्तुतीच्या दिवशी ज्या गावांवर वादळ गेले त्यांची नावे मोठ्याने घ्या आणि त्या दिवसाचे सगळे दान तिकडे पाठवण्याचा आग्रह धरा. कोणाच्या आनंदात विरजण पडत असेल तर पडू द्या.