‘कृपेच्या अधीन’ म्हणजे आज्ञांतून सूट?

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्रात (6:14) ‘तुम्ही नियमशास्त्राधीन नाही, तर कृपेच्या अधीन आहात’ असे वाक्य आहे. मग कृपा म्हणजे नैतिक आज्ञांतून सूट, असा अर्थ घ्यायचा का?

तसा अर्थ निघत नाही, आणि का निघत नाही ते त्याच वाक्यातला ‘अधीन’ सांगतो. मूळ ग्रीकमध्ये ‘हुपो नोमोन’ (नियमशास्त्राधीन) आणि ‘हुपो खारिन’ (कृपेच्या अधीन) अशी जोडी आहे. हुपो म्हणजे खाली, सत्तेखाली. दोन्हीकडे अव्यय एकच, आणि मराठी भाषांतराने ते नेमके राखले आहे. पौल धनी बदलल्याचे सांगतो, धनीच उरला नाही असे म्हणत नाही. पुढच्याच ओळीत तो आपला हाच प्रश्न स्वतः विचारतो आणि ‘कधीच नाही!’ असे उत्तर देतो; आणखी तीन ओळींनी वाचकांना नीतिमत्त्वाचे दास म्हणतो.

घोटाळा होतो तो ‘कृपा’च्या रोजच्या वापरामुळे. ‘कृपा करून या वेळी सोडून द्या’ म्हणताना आपल्याला माफी हवी असते, सवलत हवी असते. पवित्र शास्त्राच्या भाषेत शिक्षा टळण्याच्या जवळचा शब्द ‘दया’ (ग्रीक ‘एलेओस’). 1 तीमथ्य 1:2 मध्ये कृपा, दया आणि शांती ही तीन वेगवेगळी मागितली आहेत. कृपेसाठीच्या ग्रीक ‘खारिस’चा पट मोठा आहे: प्रसन्नता, न मागता दिलेले दान, आणि त्या दानाला उत्तर म्हणून उमटलेले आभारसुद्धा. 2 करिंथ 9:15 मध्ये देवाचे आभार मानले आहेत, तिथेही मूळ शब्द खारिसच. मराठीत देणे आणि आभार असे दोन शब्द करावे लागतात, त्यात दोन्हींमधला हा दुवा हरवतो. आज्ञापालन या दुसऱ्या टोकाला, उत्तराच्या बाजूला बसते.

‘नियमशास्त्र’ हा शब्दही जपून वाचावा. त्याच्या मूळ ग्रीक ‘नोमोस’च्या मागे हिब्रू ‘तोरा’ आहे. त्याचा धातू दिशा दाखवणे, शिकवणे असा, म्हणून ‘कायदा’ तोकडा पडतो. कधी त्याचा अर्थ मोशेचे पाच ग्रंथ, कधी मोशेने दिलेल्या सगळ्या आज्ञा (यहुदी परंपरेच्या मोजणीत 613), तर कधी त्यांतला नैतिक गाभा. सुंतेची अट परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर लादली नाही (प्रेषितांची कृत्ये 15). पण व्यभिचार, खून, चोरी, लोभ यांविरुद्धच्या आज्ञा पौल त्याच रोमकरांस पत्रात (13:9) पुन्हा मोजून दाखवतो. सुंतेसारख्या अटींना लागू असलेली मोकळीक या नैतिक आज्ञांना लावली की अर्थाचा अनर्थ होतो.

व्याकरणाने बघायचे तर इफिसकरांस 2:8–10 पुरेसे आहे. तारण (पापातून सुटका) ‘कृपेने’: तृतीया, साधन. सत्कृत्ये ‘करण्यासाठी’: हेतू. प्रत्ययांची अदलाबदल केली की दोन्ही चुका तयार होतात. ‘सत्कृत्यांमुळे कृपा’ म्हटले की कृपा मजुरी होते; हेतूच गाळला की ‘कृपा आहे, चालेल’ असे होते. दहा आज्ञांचा क्रमही हाच आहे. निर्गम 20 ची यादी ‘मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले’ या वाक्यानंतर सुरू होते. सुटका आधी, आज्ञा नंतर. म्हणून प्रवचनात किंवा लिहिताना ‘आज्ञा पाळा म्हणजे कृपा होईल’ ऐवजी ‘कृपा झाली म्हणून आज्ञा पाळतो’ अशी रचना करावी.

अजून एक धागा भाषांतरात दिसेनासा होतो. गलतीकरांस 3:24 मध्ये नियमशास्त्राला ‘बालरक्षक’ म्हटले आहे; ग्रीक ‘पायदागोगोस’, म्हणजे मुलाला शाळेत नेणारा, त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवणारा दास. तीताला पत्रात (2:11–12) कृपा अभक्ती सोडायला आणि मर्यादेने वागायला ‘शिकवते’, तिथले क्रियापद ‘पायदेउओ’. दोन्हींच्या मुळाशी ‘पाइस’, मूल, हाच शब्द आहे; म्हणजे नियमशास्त्रासारखीच कृपाही वागण्याला वळण लावते.